दादा, पैशांचं बोलायचं होतं

पत्र (ओळख लपवून, थोडक्यात): मी २७ वर्षांची आहे. मूळची सातारा जिल्ह्यातली, मराठीत एम.ए. कॉलेजात असताना एकांकिका लिहिल्या, लेखनाची दोन बक्षिसं मिळाली. चार वर्षांपूर्वी मुंबईत आले. डोंबिवलीत आम्ही तिघी मिळून एका खोलीत राहतो. तीन वर्षं एका नावाजलेल्या मालिका-लेखकांकडे काम करते आहे. त्यांना सगळे दादाच म्हणतात. त्यांच्या रोजच्या मालिकेचे संवाद मी लिहिते, श्रेयनामावलीत नाव त्यांचं लागतं. एपिसोडला १,२०० रुपये ठरलेत, तेही तोंडी. महिन्याला साधारण २६ एपिसोड होतात. पैसे कधी दहा हजार येतात, कधी पाच, कधी दोन महिने काहीच नाही. विचारलं की 'प्रॉडक्शनकडून आले नाहीत गं अजून'. पासबुक बघितलं तर गेल्या वर्षभरात १,६२,००० आले. आता दादा म्हणतात, सीनचा कच्चा खर्डा एआयकडून काढू, तू फक्त हात फिरव, एपिसोडला ६०० देतो. वडील एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले. त्यांना वाटतं मला दरमहा तीस हजार मिळतात. भाड्याला कमी पडले की मी भावाकडून घेते. आई म्हणते, परत ये, जवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा आहे. पैशांचं बोलले तर दादा दुखावतील आणि काम जाईल. आणि पैशांसाठीच लिहायचं असतं तर मी या क्षेत्रात आलेच नसते. स्ट्रगल तर सगळ्यांनाच करावा लागतो ना? ताई, थांबू की परत जाऊ?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा कागद घेतला आणि हिशेब मांडला. आकडे तू सगळे दिले आहेस, फक्त एकाखाली एक लिहिलेले नाहीत. ते मी लिहिते.

२६ एपिसोड गुणिले १,२०० म्हणजे महिन्याचे ३१,२००. वर्षाचे ३,७४,४००. आले १,६२,०००. बाकी २,१२,४०० रुपये. एका एपिसोडला पाच तास लागतात आणि बदल आले की आणखी दोन, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे महिन्याला १८२ तास. वर्षभरात हातात आलेल्या पैशांची महिन्याची सरासरी १३,५०० रुपये येते, तिला या तासांनी भागलं तर तासाला ७४ रुपये पडतात.

हे तुला लाजवायला लिहिलेलं नाही. मी स्वतः अकरा वर्षं मालिका लिहिल्या आहेत, आणि त्या अकरा वर्षांत असा कागद एकदाही मांडला नव्हता. एका निर्मितीसंस्थेकडे माझे ३८ एपिसोडचे पैसे अडकले. मालिका बंद झाली, ऑफिस हललं, फोन उचलणारा माणूस बदलला, आणि ते पैसे बुडाले. ३८ हा आकडासुद्धा मी मालिका बंद झाल्यावर जुने मेल उपसून मोजला. तोवर 'बरेच बाकी आहेत' एवढंच म्हणत होते. 'बरेच' कोणाकडे मागता येत नाहीत गं. मागायला आकडा लागतो.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. 'पैशांसाठीच लिहायचं असतं तर मी या क्षेत्रात आलेच नसते.' हे वाक्य आपल्याकडे कुठून येतं ते मला माहीत आहे, कारण मीही तिथूनच आले आहे. एकांकिकेच्या ग्रुपमधून. पुरुषोत्तम करंडक असो नाहीतर जिल्ह्याच्या गावातली कुठलीही स्पर्धा, आपण रात्ररात्र तालमी केल्या, घरच्या साड्यांचे पडदे केले, ट्रकमागे उभं राहून सेट वाहिला. वडापावचे पैसे ज्याच्या खिशात असतील त्याने दिले. त्या दिवसांनी आपल्याला नाटक शिकवलं आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट न सांगता शिकवली, की आपल्या माणसांत पैशांचं बोलायचं नसतं. तिथे ते बरोबरच होतं, कारण तिथे कुणालाच पैसे मिळत नव्हते. करंडक मिळाला तर सगळ्यांचा.

तुझ्या मालिकेत तसं आहे का? मधल्या ब्रेकमध्ये तेल-साबणाच्या जाहिराती लागतात. त्यांचे पैसे चॅनलला मिळतात. चॅनल निर्मात्याला दर एपिसोडमागे पैसे देतं. कलाकाराला दिवसाचे मिळतात, लाइटच्या पोरांना शिफ्टचे. त्या २२ मिनिटांतली माणसं जे बोलतात ते लिहिणारी तेवढी 'आवड' म्हणून आली आहे, असं कसं चालेल? आवड तुझी आहेच, ती कोणी काढून घेत नाही. पण आवड आहे म्हणून कामाचे पैसे मागायचे नाहीत, ही अट तू स्वतःला घालून घेतली आहेस, आणि तिचा फायदा दुसऱ्यांना होतो आहे.

'स्ट्रगल' या शब्दाबद्दलही हेच म्हणेन. काम मिळत नाही, ऑडिशनला उभं राहावं लागतं, लिहिलेलं परत येतं, याला स्ट्रगल म्हण. तुला काम मिळालेलं आहे. तीन वर्षं आठवड्यातले सहा दिवस तुझं लिखाण घरोघरी ऐकलं जातं आहे. त्याचे ठरलेले पैसे आले नाहीत, ती थकबाकी आहे. थकबाकीला थकबाकीच म्हणायचं.

आता दादांबद्दल. मी त्यांना ओळखत नाही आणि ते लबाड आहेत असं धरून चालत नाही. 'प्रॉडक्शनकडून आले नाहीत' हे खरंही असू शकेल. या धंद्यात पैसे वरून खाली येताना दर पायरीवर थांबतात. एपिसोड दाखवला गेला की मग बिल, बिलानंतर ९० दिवस, असं कित्येक करारांत लिहिलेलं असतं. म्हणजे जानेवारीत लिहिलेल्याचे पैसे हातात पडेपर्यंत उन्हाळा निम्मा सरतो. मधेच टीआरपी घसरला, ट्रॅक म्हणजे कथेचा चालू धागा बदलला आणि लिहिलेले सीन शूटच झाले नाहीत, तर त्यांचे पैसे बरेचदा नाहीतच. ही सगळी जोखीम चॅनल निर्मात्यावर ढकलतं, निर्माता मुख्य लेखकावर, आणि मुख्य लेखक तुझ्यावर. तुझ्याखाली कोणी नाही. त्यामुळे ती येऊन तुझ्या डोंबिवलीच्या भाड्यावर बसते, आणि तिथून तुझ्या भावाच्या पगारावर.

म्हणजे तू दादांना २,१२,४०० रुपये बिनव्याजी वापरायला दिले आहेस, आणि त्यातले काही तुझ्या भावाचे आहेत. दादा भले चांगले असतील, पण हे कर्ज द्यायचं तुम्ही कधी ठरवलं नव्हतं.

'दादा' या हाकेने ही गोष्ट आणखी अवघड होते. दादाला बिल कसं द्यायचं? त्याच्याकडे तारीख कशी मागायची? आपल्याकडे युनिट म्हणजे घर असतं, निर्माती ताई असते, स्पॉटचा माणूससुद्धा दादा असतो, आणि ती माया खोटी नसते. माझ्या आईच्या आजारपणात पहिला डबा सेटवरून आला होता. पण घरातही सख्खे भाऊ जमिनीची वाटणी कागदावर करतात, सातबाऱ्यावर नावं लावून घेतात. तिथे कागद केला म्हणून कोणी नातं तोडलं असं म्हणत नाही. उलट कागद केला नाही की पुढे नातं तुटतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं. मराठी व्यावसायिक नाटकात अजून 'नाइट' म्हणतात. प्रयोगाचे पैसे प्रयोगालाच, पाकिटात. शिवाजी मंदिरला किंवा ठाण्याच्या गडकरीला कधी आत जाऊन बघ. मुख्य नटापासून कपडेपटाच्या मावशींपर्यंत ज्याचं त्याचं पाकीट असतं आणि ते घेताना कोणी संकोचत नाही. नारायणगावला यात्रांच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन तिथे सुपारी ठरवतात, आणि फडमालक कलावंतांना हंगामाआधी उचल देतो. त्या उचलीतच कलावंत पुढे अडकतो, ते त्या पद्धतीचं मोठं दुखणं आहे आणि त्याची भलामण मला करायची नाही. पण निदान पैशांची बोलणी आधी होतात, उघड होतात. नाटकापेक्षा मालिकेत कितीतरी जास्त पैसा आहे, आणि तिथे लिहिणाऱ्याला वर्ष-वर्ष थांबवतात. याला परंपरा म्हणू नकोस. ही अलीकडची सवय आहे, आणि ती आपण लिहिणाऱ्यांनी गप्प बसून पोसली आहे.

एक शब्दही बदल, जमलं तर. तू पत्रात तीन ठिकाणी 'मानधन' लिहिलं आहेस. व्याख्यानाला बोलावलं, नारळ दिला, पाकीट दिलं, ते मानधन. देणाऱ्याच्या मर्जीचं. तुझा मोबदला आहे. बिलात तसंच लिही.

आता एआयचा मुद्दा. तुला वाटतं तसा तो वेगळा प्रश्न नाही, याच प्रश्नाचं पुढचं पाऊल आहे. 'फक्त हात फिरव' म्हणजे किती काम, हे आधी मोज. तीन सीन घे, घड्याळ लाव. माझ्याकडे एका ओळखीच्या मुलीने असा खर्डा आणला होता. धाकटी जाऊ थोरलीकडे सोन्याच्या पाटल्या परत मागते, असा सीन. खर्ड्यात थोरली म्हणते, 'मी तुझ्या भावना समजू शकते, परंतु मला विचार करण्यासाठी थोडा वेळ हवा आहे.' त्या मुलीने ते सगळं खोडलं आणि लिहिलं, 'बघू. आधी पानं घे.' चार शब्द. त्यात थोरलीचा अधिकार आहे, टाळाटाळ आहे आणि पाटल्या परत मिळणार नाहीत हेही आहे. या चार शब्दांपर्यंत यायला तिला सीन मुळातून उभा करावा लागला. याला हात फिरवणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात. वेळ तेवढाच लागत असेल तर निम्मे पैसे कशाबद्दल?

अमेरिकेत २०२३ मध्ये पटकथा-लेखकांनी २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस संप केला, त्यातली एक मोठी मागणी हीच होती. यंत्राने काढलेल्या मजकुरामुळे लेखकाचं श्रेय आणि पैसे कमी करता येणार नाहीत, आणि हातात दिलेला मजकूर यंत्राचा असेल तर तसं लेखकाला सांगावं लागेल, हे त्यांनी करारात घालून घेतलं. त्यांच्यामागे मजबूत संघटना होती म्हणून ते जमलं. तू एकटी दादांसमोर उभी राहून १४८ दिवसांचा संप करू शकत नाहीस, हे मला कळतं. पण ६०० ला हो म्हणायच्या आधी 'मी तीन सीन करून बघते, किती वेळ लागतो ते सांगते' एवढं तर म्हणू शकतेस. नकार नको, मोजमाप दे.

थांबू की परत जाऊ, हा प्रश्न मला घाईचा वाटतो. तू लिखाण आणि दादा यांची गाठ इतकी पक्की बांधली आहेस, की दादांकडचं काम सुटलं तर लिखाण सुटलं असं तुला वाटतं. आणि परतीच्या वाटेवर काय आहे तेही बघ. तासिका तत्त्व! आईला वाटतं कॉलेजातली नोकरी, म्हणजे पगार. तिथे घेतलेल्या तासांचेच पैसे असतात, सुट्टीचे नसतात, पुढच्या वर्षी जागा असेलच याची हमी नसते, आणि ते पैसेसुद्धा वेळेवर येत नाहीत ही तिथल्या प्राध्यापकांची जुनी तक्रार आहे. मुलांना शिकवायची तुला ओढ असेल तर जरूर जा, ते मोलाचं काम आहे. पण सुरक्षित म्हणून जात असशील तर नीट चौकशी करून जा. आत्ता तुझ्यासमोर दोन अस्थिर कामं आहेत, त्यातल्या एकात तुझी तीन वर्षं आणि दोन लाखांहून जास्त रुपये आधीच आहेत.

म्हणून आधी पैसे आणि नाव यांचं बघू. क्षेत्राचा निर्णय दोन-तीन महिन्यांनी घेतलास तरी काही बिघडत नाही.

सुरुवात वहीपासून कर. तारीख, एपिसोड क्रमांक, सीन कधी पाठवले, कितीदा बदलले, एपिसोड दाखवला कधी, पैसे किती आले. तुझं सगळं काम व्हॉट्सॲपवर गेलेलं आहे, हे या घडीला तुझ्या पथ्यावर पडणारं आहे. 'सीन लागलाय, पाच मिनिटांत पाठव' असा रात्री दोनचा मेसेज आणि त्याखाली तुझा सीन, हा पुरावा आहे. ती चॅट पुसू नकोस, फोन बदलू नकोस, सगळी चॅट मेलवर काढून ठेव. यापुढे सीन व्हॉट्सॲपवर पाठवलास तरी त्याची प्रत मेलनेही पाठव.

मग दादांना मेल लिही. फोनवर बोललीस तर त्यांचा आवाज ऐकून तू विरघळशील, आणि समोर गेलीस तर चहा पिऊन परत येशील. हा नमुना दुरुस्त करून वापर:

'दादा, नमस्कार. तुमच्याकडे तीन वर्षं काम करताना खूप शिकले, ते मी विसरणार नाही. गेल्या वर्षभराचा हिशेब सोबत जोडला आहे. ठरलेल्या १,२०० रुपये दराने २,१२,४०० रुपये येणं आहे. तुम्हालाही वरून उशिरा मिळतात याची मला कल्पना आहे, म्हणून तीन हप्त्यांत, येत्या तीन महिन्यांच्या १० तारखेला मिळाले तरी चालतील. यापुढच्या एपिसोडचे पैसे दर पंधरवड्याला बँकेत जमा व्हावेत आणि श्रेयनामावलीत संवाद-साहाय्य म्हणून माझं नाव असावं, ही विनंती. हिशेबात काही चुकलं असेल तर कृपया मेलवरच कळवा, मी दुरुस्त करेन.'

यात आरोप नाही, भावनेला हात घालणं नाही. शेवटची ओळ मात्र गाळू नकोस. दादांनी 'एवढे नाहीत, दीड लाखच आहेत' असं उत्तर दिलं, तरी दीड लाख देणं आहे हे त्यांनी लिहून दिल्यासारखं होतं.

उत्तर आलं नाही तर? पंधरा दिवस थांब. मग दुसरा मेल, की अमुक तारखेपर्यंत पहिला हप्ता आला नाही तर त्यानंतरचे एपिसोड मला लिहिता येणार नाहीत. रोजच्या मालिकेत लेखकाची खरी ताकद पुढच्या सीनमध्ये असते. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार असलेल्या एपिसोडचा साठा, बहुतेक वेळा चार-सहा दिवसांची असते, कधी तीही नसते. हे दादांनाही माहीत आहे. पण मध्यरात्री फोन बंद करून गायब होऊ नकोस. तू लिहिलं आहेस की सीन नाही आला तर सेटवर माणसं ताटकळतात, आणि त्यांची काळजी तुला वाटते याचा मला आनंद झाला. म्हणून तारीख आधी सांगायची, चालू ट्रॅक पूर्ण करून द्यायचा आणि मग थांबायचं. त्यानंतर सेट थांबला तर तो तुझ्यामुळे थांबला नाही.

कायद्याचं थोडं सांगते. मी वकील नाही, पण पैसे बुडाल्यावर बरंच शिकले. येणं पैसे वसूल करण्याचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे 'बघू पुढे' करत बसू नकोस. वकील परवडत नाही ही अडचण सांगू नकोस, कारण आपल्याकडे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं. हे फार थोड्या मुलींना माहीत आहे.

दुसरं, लिखाणावरचा हक्क सही करून लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, असं आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. तू पगारी नोकर नाहीस आणि तू कुठेही सही केलेली नाहीस. हक्क विकल्यानंतरही 'हे मी लिहिलं आहे' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार त्या कायद्यात वेगळा राखलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर चित्रपट-मालिकांसाठी लिहिणाऱ्याला थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला हिस्सा निर्मात्याला सोडून देता येत नाही. प्रत्यक्षात ती रॉयल्टी हातात पडणं अजून लांब आहे, हेही खरं. पण उद्या कोणी तुझ्यापुढे 'सर्व हक्क कायमचे सोडत आहे' असा कागद थकलेल्या पैशांच्या चेकबरोबर सरकवला, तर तिथल्या तिथे सही करू नकोस. घरी आण, वकिलाला दाखव. असे कागद नेमके पैशांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच येतात.

तिसरं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती ऑनलाइन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. लेखनासारखी सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. नोंदणी केलेल्याचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी सरकारी परिषद. जुन्या थकबाकीला याचा उपयोग होईल असं धरून चालू नकोस. नोंदणीनंतरच्या कामासाठी धर. पण या आठवड्यात करून टाक, कारण तुझ्या बिलावर तो क्रमांक आला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

आणि पैसे बँकेतच घे, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापून घे. १० टक्के कापले म्हणून वाईट वाटतं, पण तुझं करपात्र उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. मुख्य म्हणजे तुझ्या पॅनवर तुझं उत्पन्न दिसतं. आज तू तीन वर्षं काम करते आहेस आणि कुठल्याच सरकारी नोंदीत तू लेखिका नाहीस. उद्या कर्ज मागितलंस, भाड्याचं घर बघितलंस, तर दाखवायला काही नाही. नाव श्रेयनामावलीत नाही आणि पैसा पॅनवर नाही, म्हणजे ते काम तू केलंच नाहीस असं होतं.

संघटनेचं आणखी एक सांगायचं आहे. मुंबईत पटकथा-लेखकांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, १९५० च्या दशकापासूनची. तिथे अजून श्रेय न मिळालेल्या नवोदितांनाही सभासद होता येतं, लिखाण नोंदवता येतं, आणि सभासदांचे पैशांचे किंवा श्रेयाचे वाद ऐकणारी समिती आहे. आपल्या मराठी मुलामुलींचा समज असतो की ती हिंदीवाल्यांची. तसं नाही. मार्च २०२० मध्ये शूटिंग बंद झालं तेव्हा मी बघितलं आहे, ज्यांची नावं कुठल्या ना कुठल्या संघटनेच्या यादीत होती त्यांच्यापर्यंत रेशन, थोडेफार पैसे, निदान एखादा फोन पोचला. दुसऱ्याच्या नावावर लिहिणारी माणसं कुठल्याच यादीत नव्हती. माझ्या माहितीतला एक मुलगा तेव्हा कांदिवलीहून सांगलीला परत गेला, तो अजून परतलेला नाही. संवाद फार छान लिहायचा.

तुझ्या पत्रासारखीच गेल्या काही महिन्यांत आणखी पत्रं आली. डबिंग करणारा एक मुलगा, दिवाळी अंकांसाठी चित्रं काढणारी एक जण, चौथा सहायक दिग्दर्शक म्हणून चौदा तास उभा असणारा आणखी एक. त्यांनाही वही, मेल, लेखी दर आणि उद्यम नोंदणी हेच सांगते. चित्रकार मैत्रिणीला जास्तीचं एवढंच, की अंतिम चित्र मोठ्या आकारात पाठवण्याआधी निम्मे पैसे माग. अंक छापून आल्यावर मागितलेले पैसे पुढच्या दिवाळीपर्यंत चालतात.

हे सगळं करूनही दादांकडचं काम जाऊ शकतं. तसं होणार नाही असं मी तुला सांगणार नाही. पण त्या कामातून तुला काय मिळत होतं ते आपण वर बघितलं. नाव नाही, पैसे अर्ध्याहून कमी, आणि रोजचे सात तास. ते सात तास मोकळे झाले तर त्यातले तीन तू दुसऱ्या मालिकेच्या ट्रायल एपिसोडला देऊ शकतेस. चॅनलच्या क्रिएटिव्ह टीममधल्या माणसांना संवाद कोण लिहितं हे बरेचदा कळलेलं असतं. आपल्याला वाटतं तितके आपण लपलेले नसतो.

शेवटी तुझ्या वडिलांबद्दल. तीस हजार मिळतात असं त्यांना वाटतं, आणि खरं कळलं तर ते 'परत ये' म्हणतील अशी तुला भीती आहे. असेलही तसं. पण तीस-पस्तीस वर्षं एसटीच्या कंडक्टरने काय केलं असेल ते आठव. रोज ड्यूटी संपली की तिकिटांचा हिशेब, वेबिल, रोकड मोजून डेपोत भरणा, आणि मगच घर. दहा रुपये कमी भरले तर स्वतःच्या खिशातून. पगार थकला की काय होतं हे एसटीच्या माणसाला सांगावं लागत नाही. मेल पाठवण्याआधी एका शनिवारी गावी जा, ती वही त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, 'बाबा, एवढी बेरीज तपासून द्या.' चष्मा लावून ते पहिल्या पानापासून बघतील. कुठे एपिसोड सुटला असेल तर तो त्यांना सापडेल. मेल मग सोमवारी पाठव, आणि उत्तर आलं नाही तरी मला कळव.

तुझी,
ताई